संघाच्या जीपचा ताप

दूध संघाची जीप आमच्या दारात उभी राहायची. यात मानबिन काही नव्हता. संघाच्या हपिसाला शेड नव्हतं, चेअरमनच्या अंगणात त्यांचा स्वतःचा ट्रॅक्टर उभा असायचा, आणि आमची बौद्ध वस्ती पडली रस्त्याच्या कडेला, जळकोटच्या अलीकडं. मालक, म्हणजे माझा नवरा, संघाचे ड्रायव्हर. मग जीप राखायची कुणी? ड्रायव्हरनं. म्हणजे ड्रायव्हरच्या बायकोनं. पगार एकाचा, राखण दोघांची, आणि वर वस्तीतल्या बाया मला 'जीपवाली' म्हणून टोमणे मारायच्या ते वेगळंच.

बहात्तरचा दुष्काळ मी माहेरी काढला. त्यात विहिरीला पाणी होतं, घरात दाणा नव्हता. मी सांगतेय तो त्याच्या नंतरचा, ऐंशी उलटल्यावरचा. यात रेशनला गहू मिळायचा, पाणी मिळायचं न्हाय. दोन दिवसांनी टँकर यायचा आणि घरटी आठ घागरी मोजून द्यायचा. लेकरं शिकायला धाराशिवच्या होस्टेलात, घरात आम्ही दोघं, आणि दावणीला माझी म्हैस. माहेराहून आलेली, सहाव्या महिन्यातली गाभण. तिच्या पोटात आमचं पुढचं वर्ष होतं. दिवसाच्या चार घागरींतल्या तीन तिला लागायच्या, उरलेल्या एकीत आम्ही दोघं रांधायचो, प्यायचो आणि अंघोळीचं नाव घ्यायचो.

आणि त्याच उन्हाळ्यात संघाच्या जीपला ताप भरला.

स्टेअरिंगच्या बाजूला एक गोल मीटर होतं. त्यात एक काटा. डावीकडं गेला तर इंजिन गार, उजवीकडं गेला तर गरम. एके दिवशी तो काटा उजवीकडं गेला तो गेलाच. आमचे चेअरमनसाहेब पुढच्या सीटवर बसायचे ते रस्ता बघायला न्हाय, तर काटा बघायला. घरात बायको तापानं फणफणली तरी हात लावून न बघणारा माणूस, पण काटा वर दिसला की यांचा जीव खालीवर. त्यांनी हुकूम काढला. तापलेलं पाणी सोडून द्यायचं आणि गार भरायचं; सकाळी एकदा, सांजच्याला एकदा, आणि दौऱ्यावर जिथं थांबू तिथं एकदा.

"गाडी संघाची हाय," ते मालकांना म्हणाले, "म्हंजे शेतकऱ्याची हाय. जिवापाड जपायची."

झालं. घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं. सकाळी एक घागर, संध्याकाळी एक घागर, माझ्या रांजणातनं. शेतकऱ्याची गाडी शेतकऱ्याच्या म्हशीचं पाणी पिऊन शेतकऱ्याच्या भल्यासाठी हिंडायला लागली. जीपमधनं निघालेलं पाणी मी पाटीत धरायची. तांबूस, गंजाच्या वासाचं. म्हशीपुढं ठेवलं तर तिनं नाक लावलं, फुर्र केलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या पाण्यानं मी अंगण सारवायची. सबंध वस्तीत प्यायला पाणी नव्हतं आणि माझं अंगण दिवाळीसारखं चकाचक. टोमण्यांना आणखी काय लागतं?

एकदा चेअरमनसाहेब स्वतः दारात आले, जीप धुतलीय का बघायला. भर दुपार, घामानं निथळत होते. मी रीतीप्रमाणं तांब्या भरून पुढं केला. "नको नको बाई, आत्ताच पिऊन आलो," म्हणाले, आणि रुमालानं ओठ पुसले. ओठ कोरडे ठाक. मग मालकांना म्हणाले, "आधी गाडीला पाज." गाडी माझी अख्खी घागर प्यायली. आमच्या घरचं पाणी जीपला चालायचं, चेअरमनला चालायचं न्हाय.

दौऱ्यावर तर याच्यापेक्षा मजा. दारी आलेल्याला आधी पाणी द्यायचं, ही आपल्याकडची रीत. आता दारी जीप आली, आणि जीपच तहानलेली. चेअरमननं "गाडी तापली" म्हणायचा अवकाश, की गावातला कुणी मानाचा माणूस घरातली घागर उचलून पळत यायचा. एकानं दिली की दुसऱ्याला कमीपणा नको, म्हणून तोही आणायचा. सगळं गाव गोल करून उभं, मधी जीपचं तोंड उघडलेलं, आणि त्यात पाणी ओतायचा सोहळा. मग मालकांना कुणीतरी विचारायचं, "ड्रायव्हर, पाणी पिणार का?" आणि वरून ओंजळीत ओतायचं. जीपला तांब्याची घागर, ड्रायव्हरला ओंजळ. मालक हे घरी येऊन हसत हसत सांगायचे. मला काही हसू यायचं न्हाय.

तुम्ही म्हणाल, गाडी दुरुस्त का केली न्हाय? अवो, गाडी संघाची होती! संघाची गाडी पान्यानं दुरुस्त होत नसते, ठरावानं होते. मालकांनी अर्ज दिला. अर्ज मासिक सभेपुढं गेला. सभेनं 'सखोल विचारविनिमय' केला आणि तीन संचालकांची उपसमिती नेमली. त्या तिघांतल्या एकानंही जन्मात गाडीचं बॉनेट उघडलेलं नव्हतं. एकजण तर बॉनेटवर बसून फोटो काढून आला होता, बस तेवढाच काय तो अनुभव. उपसमितीनं जीपमध्ये बसून तुळजापूरला जाऊन पाहणी केली, तिथं जेवली, आणि अहवाल दिला की गाडी तापते. आता तीन दुकानांची कोटेशनं मागवायची होती. तोवर कुणीही नटाला हात लावायचा न्हाय, असंही ठरावात लिहिलं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, पण इतिवृत्त मात्र असं सुबक अक्षरात की डोळे निवावेत.

एके दिवशी सकाळी मी म्हशीखालचं शेण काढत होते. मालक जीपमध्ये बसले, किल्ली अर्धी फिरवली आणि बिडी पेटवायला थांबले. इंजिन चालूच केलेलं नव्हतं. माझी नजर सहज मीटरवर गेली. काटा डावीकडनं उठला आणि थेट उजव्या टोकाला जाऊन बसला.

"आवं," मी म्हणाले, "रातभर उभी हाय गाडी. हिला बसल्या जागी ताप कुठनं आला?"

"मीटर दावतंय."

मी शेणाचा हात पदराला पुसला आणि बॉनेटखाली घालून इंजिनाला लावला. गार. माठासारखं गार. जन्म चुलीपुढं गेला माझा. तवा तापला की न्हाय हे मला भाकरी टाकायच्या आधी कळतं.

"गार हाय की वो!"

"तू गप. कंपनीचं मीटर हाय ते. तुज्यापरीस त्याला जास्ती कळतं."

आमच्या माणसाला कळत नव्हतं असं न्हाय. पण कळलेलं न कळल्यासारखं करणं हा नोकरीतला निम्मा भाग होता, आणि ते काम ते चोख करायचे. वस्तीतल्या साऱ्या बाप्यांना खडी फोडायच्या कामावर जावं लागत होतं. आमच्याच घरी तेवढा महिन्याचा पगार यायचा. भीती त्यांची खरी होती. पण दावणीला म्हैस माझी होती. त्या दिवशी मी तिला तीनच्या जागी एक घागर पाजली होती, आणि ती रिकाम्या पाटीचं बूड चाटत होती. मला इतका राग आला की वाटलं, त्या मीटरवरच शेणाची पाटी उपडी करावी.

मी एस्टीनं धाराशिवला गेले. माझा भाऊ तिथं एका गॅरेजात कामाला. त्याला सगळं सांगितलं तर तो हसून हसून लोळला. म्हणाला, "अक्का, इंजिनाच्या डोक्यात एक पितळी बूच असतंय, त्याला एकच वायर. आमी त्याला बल्ब म्हनतो." आता त्यालाच सेन्सर म्हणतात म्हणे, तेव्हा बल्ब म्हणायचे, उजेड न पाडणारा. "पाण्याची गरमी त्येला कळती आन् तो काट्याला सांगतो. तुमचा बल्ब आतनं मेलाय. वायर काढून बग. काटा धपकन पडला तर बल्बच गेला म्हनायचं." आणि भंगारातल्या एका जीपचा बल्ब त्यानं मला दिला. भंगारवाल्याला बदल्यात मी एक कोंबडी दिली. तशीही तिच्यापुढं ठेवायला घरात पाणी नव्हतं.

घरी येऊन बल्ब मालकांपुढं ठेवला तर ते असे मागं सरकले, जणू विंचूच ठेवलाय.

"ठराव हाय. नटाला हात लावायचा न्हाय. नोकरी जाईल."

"नोकरी तुमची हाय," मी म्हणाले. "म्या काय संघाची नोकर न्हाय. माज्यासाटी कुठला ठराव झालाय? तुमी जाऊन पल्याड बसा. तुमी काय बगितलंच न्हाय."

ते ओट्यावर जाऊन बसले, जीपकडं पाठ करून. आणि पाठ करूनच सांगायला लागले, "आधी वायर... डावीकडं फिरव... लई जोर लावू नको, पितळ हाय." असा साधा भोळा माझा जोडीदार, कायद्यानं बसलेला, आणि तोंडानं दुरुस्ती करणारा.

किल्ली अर्धी फिरवून वायर काढली. काटा धपकन पडला. पण माझं एवढ्यावर भागणार नव्हतं. मी चुलीवर चहाच्या भांड्यात पाणी उकळलं आणि जीपपाशी आणलं. नवा बल्ब वायरीला जोडला, दुसरी एक तार त्याच्या अंगाला गुंडाळून जीपच्या पत्र्याला टेकवली, आणि बल्ब उकळत्या पाण्यात बुडवला. काटा सावकाश चढला. बाहेर काढून गार झाला, तसा काटा उतरला. पुन्हा बुडवला, पुन्हा चढला. मी तीनदा केलं. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता.

मग खाली परात लावली, पाना लावून जुना बल्ब सोडवला. भोकातनं पाणी उसळलं त्यावर अंगठा दाबून धरला, आणि झटक्यात नवा बसवला. परातीत पडलेलं चार ओंजळी पाणी परत जीपमध्ये ओतलं. थेंब सांडू दिला न्हाय. वायर जोडली, मालकांना म्हणाले, "या आता, तुमी काय बगितलं न्हाय तेवढं बगा." त्यांनी गाडी सुरू केली. काटा डावीकडनं निघाला, मधोमध आला आणि शहाण्या लेकरागत तिथंच बसून राहिला. मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. त्या संध्याकाळी म्हशीला पोटभर पाजलं. ती पाणी ओढताना जो आवाज करायची ना, घट घट घट, तो ऐकत मी कितीतरी वेळ तिथंच उकिडवी बसले.

दुसऱ्या दिवशी चेअरमनसाहेब जीपमध्ये बसले आणि काट्याकडं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काटा पडला!"

मालक म्हणाले, "साहेब, गाडी आता तापत न्हाय."

"तापत न्हाय कसं म्हनतोस? तीन महिनं तापतीय. उपसमितीचा अहवाल हाय. अरे, मीटर बंद पडलं! आधी निदान कळत तरी होतं. आता आतल्या आत पेटली तर?" आणि हुकूम सुटला. मीटर दुरुस्त होईपर्यंत धोका नको, पाणी दुप्पट. सकाळी दोन घागरी, संध्याकाळी दोन.

मालकांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. ती तशीच काठवटीत राहिली. दोन दुणे चार. दिवसाच्या आमच्या सगळ्याच घागरी. आता म्हशीला काय पाजायचं, तर माझे अश्रू. मालक खाली मान घालून म्हणाले, मंगळवारी बाजारात व्यापारी भेटतो, भाव पडलेत, पण डोळ्यांदेखत तहानेनं मरण्यापेक्षा दिलेली बरी. भाव पडले म्हणजे काय, तर गाभण म्हैस कातड्याच्या मोलानं चालली होती.

मी सकाळी पदर खोचून जीपसमोर उभी राहिले. चेअरमन त्या दिवशी आमच्याच दारात जीपमध्ये बसणार होते. ते आले तसं मी म्हणाले, "साहेब, इंजिनाला हात लावा. गार हाय का गरम, तुमीच सांगा."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांना शेण काढायला सांगितलंय. "बाई, मीटर असताना हात लावून बघायला मी काय अडाणी हाय का?"

"मग मीटरच दावते," म्हणून मी मालकांना किल्ली फिरवायला लावली, बल्बावरची वायर उपसली आणि तिचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवलं. मला दाखवायचं होतं की हे बघा, थंडगार गाडीतसुद्धा काटा असा खोटा वर जातो. काटा उजवीकडं गेला.

"आला!" चेअरमन ओरडले. "काटा आला! बघा, बाईनं मीटर नीट केलं! आमच्या उपसमितीला जमलं न्हाय ते बाईनं केलं. राहू द्या बाई, आता हात लावू नका. तसंच ठेवा."

मी तोंड उघडलं. मालकांनी चेअरमनच्या मागनं हात जोडले. मला, स्वतःच्या बायकोला, हात जोडले. मी तोंड मिटलं. वायरीचं टोक इंजिनाच्या एका बोल्टाखाली दाबून पक्कं केलं. नवा बल्ब आपल्या जागी बसलेला, गार-गरम सगळं बरोबर जाणणारा, आणि त्याला विचारणारं कुणी न्हाय.

काटा कायमचा वर गेला आणि चेअरमनचा जीव भांड्यात पडला. पाणी पुन्हा पहिल्यासारखं, सकाळी एक, सांजच्याला एक. आणि इथं माझ्या मालकांनी आयुष्यातलं पहिलं शौर्य केलं. ते रोज चेअरमनला "बदललं साहेब" सांगायचे आणि एक थेंबही बदलायचे न्हायत. खोटं बोलताना सुरुवातीला कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, पुढं तेही बंद झालं. काट्याचं खोटं आणि मालकांचं खोटं असं गुण्यागोविंदानं नांदायला लागलं, आणि माझ्या रांजणातलं पाणी माझ्या म्हशीच्या पोटात जायला लागलं. बाजार टळला. मी वस्तीभर मिरवले. चेअरमनची नक्कल करून बायांना हसवलं. "मी काय अडाणी हाय का?" म्हटलं की बाया पदर तोंडाला लावायच्या.

दौऱ्यावरचं तेवढं राहिलं. तिथं चेअरमन शेजारी उभे असायचे, काटा वर असायचा, गाव घागरी घेऊन पळत यायचं. तिथं मालकांना खरंच पाणी सोडावं लागायचं आणि खरंच भरावं लागायचं. ते मला माहीत होतं. मी विचारायची न्हाय.

महिन्याभरानं मी तुळजापूरच्या बाजाराला गेले होते. परतताना स्टँडवर एक बाई शेजारी येऊन टेकली. बेंबळीकडची होती. हातात नुसतं दावं, गुंडाळलेलं. मी विचारलं, "इकलं का जनावर?"

"व्हय. म्हस. गाभण हुती." मग कुणाशी तरी बोलायचंच होतं तसं ती बोलत सुटली. "सासरा लई मानाचा मानूस. आमच्या दारात दूध संघाची जीप थांबती, आठ दिवसाला दोनदा. गाडी तापली म्हनत्यात. सासरा घागर उचलतो, मानाचं हाय न्हवं. आमच्या रांजणात हाय किती, त्येला कोन इचारतंय? म्या एकदा आडवी झाले तर म्हनला, दारातनं तान्हेलं जायाचं व्हय कुनी? म्हस तान्हेली चालती त्येला." तिनं दावं मांडीवर सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "कसली वो ती जीप? तिची तहान कशी भागंना?"

सांगता आलं असतं. जीप गार आहे, काटा खोटा आहे, वायर मी दाबलीय, माझ्या हातानं. वायर काढली असती तर काटा पडला असता, मग पुन्हा दुप्पट पाणी, सगळ्या गावांना दुप्पट. असं मी मनात म्हणत होते, आणि ते खरंही होतं. पण त्या बाईसाठी मी वायर तशी ठेवली नव्हती. माझ्या म्हशीसाठी ठेवली होती. लाज वाटली. आयुष्यात कधी वाटली न्हाय एवढी लाज वाटली.

"तुमचं मालक काय करत्यात?" तिनं विचारलं.

"खडी फोडायला जात्यात," मी म्हणाले.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "कष्टाचं हाय." आणि पदराच्या गाठीतनं दोन वाळकी बोरं काढून त्यातलं एक माझ्या हातावर ठेवलं.